अमावास्येची गिऱ्हाइकं

न्हाव्याचा खरा वैरी कोण, असं मल्हारीला कुणी विचारलं असतं, तर त्यानं दुसऱ्या न्हाव्याकडे नव्हे, भिंतीवरच्या पंचांगाकडे बोट केलं असतं. नाशकातली माणसं सोमवारी डोक्याला हात लावू देत नाहीत, तो महादेवाचा. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकादशीला नको, चतुर्थीला नको, ज्या वारी आपण जन्मलो त्या वारी तर नकोच नको. श्रावण पाळणारे महिनाभर तोंड दाखवत नाहीत. पितृपक्षात ज्याच्या घरी श्राद्ध, तो पंधरा दिवस वस्तऱ्याला शिवत नाही. आणि त्या दाढ्या उतरायच्या आत घरात घट बसतात, म्हणजे दसऱ्यापर्यंत पुन्हा तेच. एवढ्यातून जे दिवस उरतात, त्यांत माणसाला सवड हवी, आभाळ मोकळं हवं आणि शेजारच्या सलूनमधल्या गोल फिरणाऱ्या खुर्चीचा मोह नको. हे सगळं जमून आलं, तर गिऱ्हाईक मल्हारीच्या पेटीपाशी यायचं.

पेटी म्हणजेच दुकान. पंचवटीत रामकुंडावरून खाली नदीच्या अंगानं चालत गेलं, की भांडीवाल्या रंगनाथशेठच्या गोदामाची लांबलचक भिंत लागायची. त्या भिंतीला पाठ लावून, उंबराखाली, चार पायांवर लाकडी पेटी उभी होती. वर पत्रा, आत आरसा, फळीवर तुरटी, वाटी, ब्रश आणि केस कापायचं मशीन, अन् समोर एका हाताची खुर्ची. खुर्चीचा दुसरा हात अडुसष्टच्या सिंहस्थात एका पैलवान साधूनं नेला. मुद्दाम नाही, तो टेकला आणि हात गेला. साधूनं आशीर्वाद दिला, तो मल्हारीनं घेतला, आणि खुर्ची तशीच राहिली.

मल्हारी मूळचा पेठकडच्या डोंगरातला. रामकुंडावर यात्रेकरूंची डोकी भादरायचे हक्क पिढीजात, तिथं बाहेरच्याला पाय ठेवायला जागा नाही. तो धोकटी काखेत मारून दोन वर्षं दारोदार हिंडला आणि शेवटी शेठच्या भिंतीला येऊन टेकला. शेठ म्हणाले, "बस. मी आहे तोवर तुला कुणी उठवणार नाही." त्या जागेचा कागद म्हणाल तर एकही नव्हता. होता तो एवढा शब्द. त्या बदल्यात शेठची दाढी फुकट, आणि ती करताना शेठचं बोलणं ऐकून घेणं. दाढी दहा मिनिटांची असायची.

आता अमावास्येचं सांगायचं, तर त्या दिवशी पेटीकडे कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही. चौऱ्याहत्तरच्या एका अमावास्येला मल्हारी असाच माशा मारत बसला होता आणि पलीकडे पायरीवर भिका डोकं खाजवत बसला होता. बहात्तरच्या दुष्काळात घाटावर जी माणसं आली, त्यांतली बरीचशी परत गेली. ज्यांना परत जायला काही उरलं नव्हतं ती राहिली. भिका त्यांतला. त्याचं ते खाजवणं बघून मल्हारीचे हात शिवशिवायला लागले. त्यानं भिकाला खुर्चीत बसवलं, म्हटलं, वस्तरा गंजण्यापेक्षा चालू दे. भिका झाला, तसा दुसरा आला. दुपारपर्यंत सात डोकी झाली. संध्याकाळी घरी गेल्यावर कुसाबाईनं, म्हणजे मल्हारीच्या बायकोनं, त्याला उंबऱ्याबाहेरच उभं केलं आणि दोन हंडे पाणी ओतून मग आत घेतलं. नवऱ्याच्या अंगाखांद्यावरून घरात काय काय येईल, याची तिला धास्ती. पण पुढच्या अमावास्येला तिनंच सकाळी गरम पाण्याची बादली आणि कडुनिंबाचा पाला नेऊन पेटीशी ठेवला. म्हणाली, तिकडंच स्वच्छ करा, माझ्या दारात नको. तेव्हापासून तो रिवाजच पडला. ज्यांना ना घर ना पंचांग, अशी माणसं दर अमावास्येला मल्हारीच्या उंबराखाली रांग लावायची.

मल्हारीची समजूत अशी, की न्हावी गप्प बसला की वस्तरा लागतो. त्यामुळे तो बोलत राहायचा आणि समोरच्याला बोलतं ठेवायचा. नाव काय, गाव कुठलं, घरी कोण होतं. यात पुण्य करतोय असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. गिऱ्हाइकाशी बोलतात तसं तो बोलायचा. पण असं झालं, की घाटावरच्या पन्नासेक माणसांची नावं, गावं आणि डोक्यावरच्या जुन्या खोका अख्ख्या नाशकात फक्त एका माणसाला पाठ होत्या.

याचा उपयोग काय, असं विचाराल, तर भिकाच्या मते उपयोग नव्हता, नुकसान होतं. तो दर महिन्याला तक्रार घेऊन यायचा. "दाढी व्हती तवा बाया आपणहून भाकरी द्यायच्या. आता म्हणत्यात, धडधाकट हायेस, काम कर. तू माझं पोट मारलं, मल्हारीदादा." शेवटी एका फूलवालीनं त्याला सकाळच्या टोपल्या राखायला बसवलंच, तेव्हा भिका आठ दिवस मल्हारीशी बोलला नाही. पुढच्या अमावास्येला मात्र पहिला येऊन बसला. म्हणाला, बाई रोज तोंड बघती, खुरटं दिसलं की ओरडती.

एकच माणूस रांगेत कधी बसला नाही. त्याचं नाव लहानू. कळवणकडचा, चाळिशीचा, पण दाढी छातीपर्यंत, आणि त्या दाढीत तो असा बसायचा जसा एखादा दार लावून घरात बसतो. रांगेतल्यांना पाणी आणून द्यायचा, पडलेले केस गोळा करून टाकायचा, पण मल्हारीनं हाक मारली की मान हलवायचा. त्याची हकीकत मल्हारीला तुकड्यातुकड्यांनी कळली होती. दुष्काळात आई खाटेला खिळलेली असताना तो इगतपुरीकडे धरणाच्या कामावर गेला. तिथं तापानं पडला, कित्येक महिने दवाखान्यात काढले. उठला तेव्हा त्यानं हिशेब केला, की आई काही आता राहिली नसणार. मग गावात जाऊन सांगणार काय? आईच्या तोंडात पाणी घालायला कुठं होतास, असं कुणी विचारलं तर? म्हणून तो नाशकात उतरला तो उतरलाच.

तर अशी ही अमावास्येची गिऱ्हाइकं. पण घाटावर त्यांची सेवा करणारा मल्हारी एकटा नव्हता. सेवा करायला रीतसर मंडळ होतं. दीनसेवा मंडळ. संस्थापक-अध्यक्ष रंगनाथशेठ. मंडळाचे बारा सभासद, एक चिटणीस धोंडीराम, एक लाउडस्पीकर आणि एक कापडी फलक, ज्यावर मंडळाचं नाव अर्ध्या हाताचं आणि अध्यक्षांचं नाव हातभर. वर्षातून एकदा मंडळ घाटावरच्या पन्नास माणसांना जेवण आणि ब्लँकेट द्यायचं. आधी भाषणं, मग ब्लँकेट, मग जेवण, हा क्रम ठरलेला. पहिल्या वर्षी जेवण आधी वाढलं, तर भाषणाला शेठ आणि स्पीकरवाला दोघंच उरले. तेव्हापासून भात झाकून ठेवायची पद्धत पडली. धोंडीराम अध्यक्षांची ओळख करून द्यायचा. ती ओळख शेठनी स्वतः लिहिलेली असल्यामुळे लांब होती. पन्नास माणसं पातेल्यांकडे तोंड करून ती ऐकायची.

एक्याऐंशी साली मंडळानं मोठा बेत केला. कार्यक्रम सर्वपित्री अमावास्येला, रामकुंडाजवळ, आणि पाहुणे म्हणून मुंबईचे एक बडे साहेब. साहेब उत्तरेकडचे, मराठी नुकतंच शिकलेले, मनानं फार चांगले. वर्तमानपत्राचा फोटोवालाही येणार होता. धोंडीरामानं घाटावर फिरून पन्नास जणांना आवतण दिलं आणि बजावलं, की साहेबांसमोर नीट या, आंघोळ करून या, सतरंज्या भाड्याच्या आहेत.

मल्हारीला हे कळलं आणि त्याला फार आनंद झाला. आपली गिऱ्हाइकं साहेबांसमोर जाणार म्हणजे आपलंच काम साहेबांसमोर जाणार. अमावास्येला तो एरवी उजाडल्यावर सुरुवात करायचा, त्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी बसला. कुसाबाईनं तीन बादल्या पाणी तापवलं. त्यानं कुणाला नुसतं भादरलं नाही. भांग पाडले, मिशा कोरल्या, घरून आणलेलं खोबरेल चोपडलं. लोकांनी कपडे नदीवर आपटून धुतले आणि अर्धे ओलेच अंगात घातले. अकराच्या सुमाराला ती पन्नास माणसं उंबराखाली उभी होती, तर एखाद्या लग्नाचं वऱ्हाड चाललंय असं वाटावं.

रांग संपली, तसा लहानू येऊन खुर्चीत बसला.

मल्हारीला वाटलं, टेकलाय, उठेल. लहानू उठला नाही. आरशाकडे न बघता म्हणाला, "दादा, माझी काढ. आज माय जेवायला येईल. तिनं वळखाया पाहिजे ना."

सर्वपित्रीला सगळी गेलेली माणसं जेवायला येतात, हे घाटावर राहणाऱ्याला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. त्या दिवशी मल्हारी आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहून दाढी करत होता, आणि वस्तरा काही लागला नाही. आतून एक चेहरा निघाला. हनुवटीला खळगा, डाव्या गालावर मस. नऊ वर्षांत त्यावर ऊन पडलं नव्हतं, म्हणून तेवढाच भाग गोरा. मल्हारीनं आरसा पुढे धरला. लहानूनं बघितलं, आणि आई ओळखेल अशी खात्री पटल्यासारखी मान हलवली.

आणि इथं पंचांगानं मल्हारीवर सूड उगवला. मंडळाचे बारा सभासद आणि तेरावे अध्यक्ष, सगळे घरंदाज, सगळ्यांच्या घरी श्राद्ध. म्हणजे तेराही जणांची पंधरा दिवसांची दाढी. शेठचा तर अवतार बघण्यासारखा. ते नदीवर पिंड सोडून थेट मांडवात आले होते. उघडं अंग, ओलं धोतर, खांद्यावर पंचा, अनवाणी पाय, डोक्यावर पांढरे केस उभे आणि तोंडावर पांढरी खुंटं. कपडे बदलायला अर्धा तास आहे म्हणून ते वाकून वाकून लोकांना रांगेत बसवत होते, आणि साहेब, जे सरकारी माणूस असून वीस मिनिटं आधी पोचण्याचा गुन्हा करून बसले, मांडवात शिरले.

साहेबांनी काय पाहिलं? समोर पन्नास स्वच्छ, तेल लावलेली, मिशा कोरलेली माणसं. म्हणजे मंडळाचे कार्यकर्ते. पुढे भिका हाराचं तबक धरून उभा, भांग पाडलेला. म्हणजे हे अध्यक्ष. आणि बाजूला एक उघडा, ओला, दाढी वाढलेला म्हातारा वाकून कुणाच्या तरी पाया पडतोय. म्हणजे हे दीन. साहेबांनी तबकातला हार उचलून भिकाच्या गळ्यात घातला, त्याचा हात हातात घेऊन तुमचं काम फार मोठं आहे असं म्हटलं, आणि ढिगाऱ्यावरचं पहिलं ब्लँकेट घेऊन ते रंगनाथशेठच्या खांद्यावर पांघरलं. शेठ "साहेब, मी, अहो मी," असं म्हणायला लागले, तेव्हा साहेबांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"शरम नाही करायची, बाबा. घ्या."

फोटोवाल्यानं कळ दाबली. बारा सभासद आपल्या अध्यक्षांना सोडवायला धावले, तर बंदोबस्ताच्या शिपायाला वाटलं ब्लँकेटांवर झुंबड पडली. त्यानं त्या बाराही दाढीवाल्यांना दंडाला धरून रांगेत खाली बसवलं. धोंडीरामाला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं सवयीनं स्पीकर हातात घेऊन अध्यक्षांची ओळख सुरू केली. साहेबांनी ती भिकाकडे बघत कौतुकानं ऐकली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. खाली छापलं होतं: निराश्रित वृद्धास ब्लँकेट देताना साहेब, शेजारी मंडळाचे अध्यक्ष.

शेठनी अमावास्येच्या संध्याकाळीच दाढी उतरवली असती. पण घरात त्यांच्या मातोश्री बयाबाई होत्या, वय ऐंशी, आवाज चाळिशीचा. त्यांनी सांगितलं, आज अमावास्या, उद्या घट. दसऱ्याच्या आत वस्तरा लागला तर देवीला तोंड काय दाखवू. म्हणजे ज्या तोंडाचा फोटो छापून आला, तेच तोंड घेऊन शेठना अजून दहा दिवस नाशकात हिंडायचं होतं. कालिकेच्या यात्रेत एका म्हातारीनं त्यांच्या हातावर केळं आणि खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि विचारलं, साहेबानं दिलेलं ब्लँकेट विकलं का रे बाबा. शेठनी केळं परत करायला हात पुढे केला, तर तिला वाटलं अजून मागतोय. तिनं अजून एक दिलं.

एवढं झाल्यावर माणूस कुणावर तरी चिडणारच. साहेबांवर चिडता येत नाही, आईवर चालत नाही, पंचांगावर तर नाहीच नाही. शेठ मल्हारीवर चिडले. त्यांनी नगरपालिकेत अर्ज टाकला, की नदीकडच्या रस्त्यावर एका न्हाव्याची पेटी रहदारीला अडथळा करते. त्या रस्त्यानं दिवसाला दोन गाढवं आणि एक धोबी जायचा, ते सोडा. अर्ज टाकला की दोन वर्षं निवांत, हा शेठचा अनुभव. मल्हारीला धाक बसावा इतकाच हेतू. पण साहेबांच्या दौऱ्यानंतर कचेरीतल्या मंडळींना काम करून दाखवायची हौस आली होती. अमावास्येपासून चौथ्याच दिवशी पेटीवर नोटीस चिकटली: आठ दिवसांत हटवा.

शेठनी मल्हारीला गोदामात बोलावून घेतलं. शांतपणे सांगितलं, की अर्ज मागे घेईन, पण एका अटीवर. ती माणसं यापुढे त्या खुर्चीत दिसता कामा नयेत. अमावास्येला पेटी बंद. गरीब हा गरिबासारखा दिसला पाहिजे, नाहीतर मदत करणाऱ्यानं ओळखायचं कसं? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दाढीला येईन, तेव्हा सांग.

मल्हारी घरी आला आणि जेवला नाही. पन्नाशी आली होती. धोकटी काखेत मारून पुन्हा दारोदार हिंडायचं म्हणजे गुडघे बोलायला लागलेले. पेठकडे परत जावं तर तिथली जमीन भावांत वाटून पायपुसण्याएवढी राहिलेली. कुसाबाई म्हणाली, "हो म्हणा. सात वर्षं केलंत, पुरे झालं. आणि अडलंय कुणाचं? त्यांच्या दाढ्या वाढल्या तर वाढल्या." खरंच कुणाचं काय अडलं होतं, हे मल्हारीलाही माहीत नव्हतं. सात वर्षांत कुणी येऊन सांगितलं नव्हतं, की तुझ्या हजामतीनं माझं अमुक झालं. भिकानं सांगितलं ते पोट मारलं एवढंच. त्यानं ठरवलं, हो म्हणायचं.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी पेटीपाशी एक बाई आली. नऊवारी, पायांत धूळ, कळवणच्या गाडीनं उतरलेली. तिच्या हातात वर्तमानपत्राचा एक तेलकट तुकडा होता. बाजारात शेव बांधून आली, त्या पुडीचा. तिनं तो मल्हारीसमोर उलगडला. साहेब, शेठ, ब्लँकेट, हार घातलेला भिका. पण बाईचं बोट त्यांच्यावर नव्हतंच. ते मागच्या ओळीतल्या एका चेहऱ्यावर होतं. हनुवटीला खळगा, गालावर मस.

"हाऊ मना भाऊ शे," ती म्हणाली. "चांगुणा मी. हाऊ कोठे शे?"

मल्हारीनं घाटाकडे हात केला. लहानू पायरीवर बसून कुणाची तरी गोधडी पिळत होता. चांगुणा त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि त्यानं मान वर करताच तिनं आधी त्याला एक फाडकन दिली. मग खाली बसली आणि रडली. लहानू गालावर हात धरून म्हणाला, की त्यानं सर्वपित्रीला आईला जेवायला बोलावलं होतं. चांगुणा रडायची थांबली.

"माय जित्ती शे, रे. खाटवर बशीसन तुनी वाट देखी ऱ्हायनी."

आई जिवंत होती. नऊ वर्षं खाटेवर बसून वाट बघत होती. दाढी वाढलेला लहानू त्या फोटोत असता, तर तो फोटो शेवेबरोबरच चुलीत गेला असता. मल्हारीच्या हे ध्यानात आलं आणि तो पेटीपाशी येऊन खुर्चीत बसला, जिथं तो स्वतः कधी बसत नसे. संध्याकाळच्या गाडीनं लहानू निघाला. निघण्याआधी दहा दिवसांची खुंटं उतरवून गेला.

दुसरा दिवस शुक्रवार. सकाळी सकाळी शेठ आले. पंचवीस दिवसांची दाढी. वाटेतल्या सलूनमध्ये गर्दी होती आणि तिथं भिंतीवर तो फोटो चिकटवलेला होता, म्हणून ते डोक्यावरून पंचा घेऊन मागच्या वाटेनं आले होते. खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि म्हणाले, "मग काय ठरलं?"

मल्हारीनं ब्रशनं फेस केला. उजव्या गालाला लावला, डाव्या गालाला लावला. वस्तरा चामड्यावर चार वेळा ओढला. मग म्हणाला, "शेठ, अमावास्येला पेटी उघडी राहील. पुढं तुम्ही बघा."

शेठचं तोंड फेसात असल्यामुळे त्यांना लगेच बोलता आलं नाही. मल्हारीनं उजवा गाल साफ केला, नेहमीसारखाच, एकही ओरखडा नाही. तो डाव्या बाजूला वळतो न वळतो, तोच भिंतीच्या टोकाला ट्रक येऊन थांबला. नोटिशीचे आठ दिवस भरले होते. मुकादम आणि चार माणसं उतरली, दोघांनी पेटीचे पाय धरले.

"ए बाबा, ऊठ," मुकादम शेठना म्हणाला. "खुर्ची पण यादीत हाय."

शेठ अर्ध्या तोंडानं गरजले, की मी रंगनाथशेठ आहे, हा अर्ज माझा आहे. मुकादमानं नीट निरखून पाहिलं. डाव्या बाजूनं बघितलं तेव्हा त्याला ओळख पटली. तो आपल्या माणसांना म्हणाला, अरे, हे ते ब्लँकेटवालं म्हातारं, पेपरात आलेलं. माणसं हसली. शेठ म्हणाले, हे माझं गोदाम. मुकादम म्हणाला, बरं, आणि तो समोरचा पूलपण तुझाच असेल. एकानं शेठचा दंड धरला, तोही तसा प्रेमानंच.

आरडाओरडा ऐकून घाटावरची माणसं गोळा झाली होती. मुकादमानं त्यांना विचारलं, की याला कोण ओळखतं. मल्हारी बोलणार होता, पण त्याच्या आधी भिका पुढे झाला. त्यानं दोन्ही हात मागे बांधले, नजर लांब कुठल्याशा पातेल्यावर लावली आणि धोंडीरामाच्या आवाजात सुरुवात केली: "अनाथ-अपंगांचे कैवारी, तांब्यापितळेचे सुप्रसिद्ध व्यापारी, पंचवटीचे भूषण, दीनसेवा मंडळाचे संस्थापक-अध्यक्ष, श्रीमान रंगनाथशेठ, ज्यांच्या पूज्य पिताश्रींनी घाटावर थंड पाण्याचे दोन रांजण ठेवून," आणि इथून बाकीचे सगळे त्यात मिसळले. पन्नास माणसं एका सुरात, मधला एकही शब्द न गाळता, खोकायच्या जागी खोकत, ती ओळख शेवटपर्यंत म्हणाली. भाताचा वास येत असताना ऐकलेलं माणूस विसरत नाही.

मुकादमानं टोपी काढली. इतकं लांब कुणी खोटं बोलत नाही, हे त्याला पटलं. त्यानं शेठना अदबीनं विचारलं, की अर्ज मागे घ्यायचा असेल तर या कागदावर लिहून द्या, पण ओळख पटवणारे दोन साक्षीदार लागतील; यांतल्या कुणाही दोघांची नावं सांगा, मी लिहितो.

शेठनी त्या पन्नास जणांकडे पाहिलं. पाच वर्षं त्यांना जेवायला घातलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांची नजर फिरली आणि परत आली. वाळत आलेला फेस गालावरून टिचायला लागला होता. मग मल्हारीनं हळूच सांगितलं, "हा भिका, गाव वणीकडचं. आणि तो देवराम. दोघं शहाणे आहेत, अंगठा देतील." शेठ पुटपुटले, भिका आणि देवराम. मुकादमानं लिहून घेतलं. पत्ता विचारला, तेव्हा भिकानंच सांगितला: घाट, वरून तिसरी पायरी.

ट्रक रिकामा गेला. मल्हारीनं पुन्हा फेस केला आणि डावा गाल पुरा केला. शेवटी आरसा धरला, तुरटी फिरवली. जाताना शेठ एवढंच म्हणाले, की बस इथं, मी आहे तोवर. मल्हारी हो म्हणाला. या खेपेला त्या शब्दाखाली भिकाचा आणि देवरामचा अंगठा होता, म्हणून त्याला तो जरा पक्का वाटला.

मंडळही शिकलं. पुढच्या वर्षापासून सभासदांनी छातीला पितळी बिल्ले लावले, शेठच्याच दुकानातले, म्हणजे पाहुण्याला दीन कोण आणि बंधू कोण हे लांबून कळावं.

पण त्याआधी दिवाळीची अमावास्या आली. उंबराखाली पंधरा-सोळा डोकी रांगेत होती, आणि गरम पाण्याची बादली कुसाबाईनं न सांगता आणून ठेवली होती. दहाच्या सुमाराला लहानू आला. गुळगुळीत दाढी, नवा सदरा, आणि पाठीवर आई. एवढीशी म्हातारी, ओच्यात बाजरीची भाकरी बांधलेली. ज्यानं मुलाचं तोंड उघडं केलं तो न्हावी तिला बघायचा होता. लहानूनं तिला खुर्चीत बसवलं. तिनं मल्हारीकडे बघितलं, वस्तऱ्याकडे बघितलं, मग वळून त्या दाढ्यांच्या रांगेकडे बराच वेळ बघितलं, आणि खुर्चीतून उतरायला लागली.

"यासन्या बी माया वाट देखत व्हतीन," ती रांगेकडे हात करून म्हणाली. "हात चालाव, बाबा."

मल्हारीनं वस्तरा चामड्यावर ओढला. नेहमीप्रमाणे पहिला नंबर भिकाचा होता; पण भिका बाजूला सरकला. म्हणाला, माझी माय जाऊन चाळीस वर्षं झाली, मला घाई नाय, आधी बाकीच्यांची कर.